नुसती भित्री नाही

शेजारणीचा मुलगा लढाईवर गेला, तेव्हापासून गल्लीत तारवाल्याची सायकल दिसली की तिला धाप लागे. "मले श्वासच येऊन नाही राहिला वं," म्हणत ती ओट्यावर बसे. सायकल पुढे गेली की मी मुद्दाम म्हणे, "काल तुझी पाटवडी चिवट झाली होती." मग ती माझं माहेर काढी आणि भांडता भांडता धाप बसे. विहिरीवरून भरल्या घागरी आणताना तिला कधी दम लागत नसे, म्हणून मला काळजी नव्हती.

एका सकाळी सायकल आली नव्हती, तरी ती भिंतीला टेकून धापा टाकत होती. मी पाटवडीला नावं ठेवली. तिने नुसता हात हलवला. ओठ काळसर, पाय सुजलेले. मी टांगा बोलावला.

"नेहमीसारखी घाबरली असन," तिचा नवरा म्हणाला.

"घाबरली असती तर एव्हाना भांडली असती, भाऊजी. धरा तिला."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, पण वेळेवर आणलंत. तीन उशांना टेकून बसलेल्या तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे मी नुसती भित्री नाही न वं?"

मी औषधाचा पेला तिच्या तोंडाला लावला.