गांजाचा टॅक्स आणि लायब्ररीवरची खोली

इंग्लंडात, मेडनहेडला मैत्रिणीकडे सत्यनारायणाला जमलो होतो. प्रसाद झाला आणि गप्पा कशा कोण जाणे, गांजावर आल्या. कुणीतरी सांगत होतं, काही देशांत गांजा कायदेशीर विकतात, आणि ज्या गावात दुकान त्या गावाला टॅक्समधला वाटा मिळतो. इथं तसा कायदा झाला तर आपल्या कौन्सिललाही, म्हणजे इथल्या नगरपालिकेलाही, मिळेल. "मग काय, रस्त्यावरचे खड्डे बुजलेच म्हणून समजा!" आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. मेली सवयच लागली आहे, चारचौघांत हसायची.

माझी लेक सतरा वर्षांची असताना गांजा ओढायला लागली. कॉलेज सुटलं, घरात बोलणं तुटलं. आमच्या गावात लायब्ररीच्या वर कौन्सिलची एक खोली होती. तिथं एक बाई अशा मुलांशी बोलत बसायच्या. लेक दर मंगळवारी जायची आणि परत आली की थोडं माझ्याशीही बोलायची. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

मग कौन्सिलकडे पैसे नाहीत म्हणून खोली बंद करायचं ठरलं. ज्यांना अडचण होईल त्यांनी नाव-पत्त्यासकट लिहा, पत्रं वेबसाइटवर लागतील, असं कळवलं. मी पत्र लिहिलं. पण सेक्रेटरी काका ती वेबसाइट रोज बघायचे, कारण आमच्या गणपतीच्या हॉलच्या पार्किंगचा अर्जही तिथंच होता. त्यांनी माझं नाव वाचलं तर? मंडळभर बोभाटा झाला तर? पाठवलंच नाही मी ते पत्र. पार्किंगसाठी मात्र काकांचा फोन आल्यावर पाच मिनिटांत पाठिंब्याचं पत्र लिहून टाकलं, नाव, पत्ता, सगळं.

पार्किंग मिळालं. खोलीसाठी एकाही घरातून पत्र आलं नाही, ती बंद झाली. लेकीनं वेबसाइटवरची दोन्ही पानं बघितली. "आई, पार्किंगसाठी तू लिहिलंस. माझ्यासाठी नाही लिहिलंस," एवढंच म्हणाली. आता ती जवळच्या रीडिंग शहरात राहते, कुणाबरोबर ते सांगत नाही.

"तू सांग गं, टॅक्स आला तर काय करावं कौन्सिलनं?" काकांनी मला विचारलं, गमतीतच.

"तो येईल तेव्हा येईल! आधी लायब्ररीवरची खोली उघडा म्हणावं. माझी मुलगी जायची तिथं." आवाज चढला होता माझा. चढू दे म्हटलं.

काकांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

"आमची नातही जायची गं. गुरुवारी," ते म्हणाले. "मीही नाही लिहिलं. म्हटलं, तुम्ही लोक वाचाल."

मला तिथंच रडू फुटलं. बाहेर गाडीत बसून लेकीला फोन लावला. तिनं उचलला नाही.