माझ्या वाट्याचं अर्धं बेट

आता हा गाढवपणा मी माझ्याच तोंडानं सांगून टाकतो. विष्णूकडून ऐकलात तर तो तिखटमीठ लावून सांगंल, आन् माझी उरलीसुरली इज्जत पण जाईल. चहा येऊ द्या तोवर.

आमचं गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. गावासमोर नदीत एक बेट आहे. पावसाळ्यात होडीनं जायचं, पाणी ओसरलं की गुडघाभर पाण्यातून चालत. दर पुरात त्या बेटाची माती थोडी थोडी वाहून जाते. तर पुण्याची एक संस्था आली. बेटांवर पोरांकडून झाडं लावून घेणं हेच त्यांचं काम, समुद्रातल्या बेटांवर पण आन् नदीतल्या पण. त्यांच्या अनघा मॅडमनी आमच्या तरुण मंडळाला रोपं दिली, बेटाच्या मधोमध दोरी बांधली आन् वाटणी केली. अर्धं बेट माझ्या टोळीला, अर्धं विष्णूच्या.

"उन्हाळ्याच्या तोंडाला मी बघायला येईन," मॅडम म्हणल्या. "ज्याची झाडं जास्त जगतील, त्याला अंदमानला नेऊ. तिथली पोरं पण झाडं लावताहेत, त्यांच्यासोबत आठ दिवस काम करायचं."

अंदमान! विमानानं! मी परभणीच्या पुढं गेलो तो एकदाच, नांदेडला, ते पण मावशीच्या दिराच्या लग्नाला. समुद्र नुसता मोबाईलात बघितलेला. मला जायचंच होतं.

आन् समोर कोण? विष्णू! पहिलीपासून आमी एका बाकावर. मार्क त्याला जास्त, बॉलिंग त्याची भारी, मोटारसायकल त्याच्या दारात आधी. माझी आई मला सकाळी उठवायची ती सुद्धा "त्या विष्णूला बघ जरा" म्हणून. आता विमानात पण हाच बसणार? मी म्हणलं, बघतोच.

बघत बसलो आन् झालं काय, विष्णूची रोपं हिरवीगार, माझी पिवळी. माझ्या टोळीला मी दिवसातून दोनदा पाणी घालायला लावलं, तरी पिवळीच. रोज संध्याकाळी मी दोरीच्या अलीकडं उभा राहून त्याची पानं मोजायचो. पोटात असं दुखायचं की जेवण जायचं न्हाई. आई म्हणली, "अरे, तो काय घालायलाय ते सरळ विचार की." विचारू? विष्णूला? मी?

मॅडम यायच्या दोन दिवस आधी विष्णू सेलूला बहिणीकडं गेला. मी दोरी ओलांडली. दोरीच्या पलीकडं पठ्ठ्यानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. एक काटा पायात, दुसरा पँटमध्ये घेऊन आत गेलो आन् बघतो तर काय, प्रत्येक रोपाच्या बुडाला मेंढ्यांच्या लेंड्या!

अस्सं! म्हणजे गड्यानं गुपचूप मेंढरं बसवली होती तर! रिकाम्या रानात खतासाठी कळप मुक्कामाला ठेवतात ना आपल्याकडं, तसं. मग मी काय कमी आहे का? एका मुक्कामात खत लागतं का, असं तुमी विचाराल. बरोबर आहे. पण जळणाऱ्या माणसाला कॅलेंडर दिसत न्हाई.

सोपानतात्यांचा कळप तेव्हा आमच्याच शिवारात उतरला होता. शे-दीडशे मेंढरं, दहा-बारा शेळ्या. गाठलं त्यांना.

"तात्या, उद्या माझ्या अर्ध्या बेटावर कळप बसवायचा. सगळा. ज्वारी देतो."

"आवो गोविंदराव, पर तिथं तं रोपं—"

"ते माझं मी बघतो. विष्णूला कळता कामा नये, एवढं सांभाळा."

"तसं न्हाई, रोपांचं काय करायलाव म्हणलं?"

"तात्या, मी शेतकऱ्याचं लेकरू आहे. मला शिकवू नका."

तात्यांनी मुंडासं सारखं केलं. "बरं," म्हणले, "तुमचं रान, तुमची मर्जी."

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढं, विष्णू मागं. गुडघाभर पाणी तुडवून बेटावर चढलो आन् माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या अर्ध्यात नुसत्या काड्या! मधी मेंढरं निवांत रवंथ करायलेली. विष्णूचं अर्धं काट्यांच्या आड जसंच्या तसं.

"तात्या, हे काय केलंत?"

"म्हंजी? तुमीच तं सांगितलं की. पीक हातचं गेलं की नांगरून मोडायच्या आधी मेंढरं चरायला घालतेतच. तुमची रोपं इतकी मरतुकडी होती, मला वाटलं मोडायलाव."

"मग विष्णूनं बसवली तवा कशी न्हाई खाल्ली?"

"त्यानं कवा बसवली? त्यो तं दोन महिने झाले, लेंडीखत पोत्यात भरून डोक्यावर न्यायलाय."

विष्णू हसला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणला, "गोंद्या, विचारायचं तरी. दोन पोती तुला बी टाकली असती." असा राग आला म्हणून सांगू!

मॅडम मात्र भलतीकडंच बघायलेल्या. माझ्या अर्ध्यात सात-आठ रोपं शाबूत होती. ही कशी वाचली, त्यांनी विचारलं.

"करंज हाय ते," तात्या म्हणले. "त्याला मेंढरू काय, शेळी बी तोंड लावत न्हाई. निरगुडीला बी न्हाई. बेटावर जनावर आज ना उद्या येणारच. आदी कडंनी ही लावा, मंग आत बाकीची."

मॅडमनी वही काढली. म्हणे तिकडं अंदमानात एका बेटावर शेळ्यांनी दोनदा सगळी रोपं फस्त केली होती, कुणाला उपाय सापडत नव्हता. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी फोन लावला आन् एक तिकीट वाढवून घेतलं. विष्णू तर चाललाच होता, आता सोपानतात्या पण!

तात्या म्हणले, लय खुशीनं आलो असतो, पर मेंढरं कोण बघंल?

"हा आहे की," विष्णूनं माझ्याकडं बोट केलं. "याला मेंढरं बसवायची लय हौस."

आठ दिवस राखली, काय सांगू. उन्हात, काठी घेऊन. विष्णूनं विमानाच्या खिडकीतला फोटो टाकला, तात्यांनी मुंडाशासकट समुद्रात उभं राहून. मी एकेक फोटो मोठा करून बघायचो आन् जळायचो.

तात्यांचा रोज सकाळी फोन यायचा. मला वाटायचं, म्हातारा माझी चौकशी करंल, समुद्राबद्दल दोन शब्द सांगंल. "गोविंदराव, समुद्र लय मोठा हाय," एवढं म्हणायचे आन् लगेच, "बरं, लंगड्या मेंढीच्या कानाला लावा फोन."

मी लावायचो. पाच-पाच मिनिटं लाटांचा आवाज तिला ऐकवायचे, वर आपलं गुलूगुलू बोलणं.

खरं सांगतो, त्या आठ दिवसांत विष्णूवर जेवढा जळलो न्हाई, तेवढा त्या मेंढीवर जळलो.