थैलीतल्या गोळ्या आणि ठाणेदाराचा खोकला

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हात आपोआप घशाकडे जातो. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो आणि आठ महिन्यांपासून मला कोरडा खोकला लागला होता. ताप नाही, कफ नाही, नुसती ढास. हळद-दूध झालं, अडुळसा झाला, ज्येष्ठमध तर मी सुपारीसारखा चघळायचो. छातीचा फोटो स्वच्छ आला. ठाण्यातल्या मंडळींची मात्र सोय झाली होती. फाटकाशी खोकला ऐकू आला की मोबाईल खिशात जायचे, टोप्या डोक्यावर यायच्या आणि स्टेशन डायरीत पेन चालू लागायचा. मला याचा पत्ताच नव्हता. ठाणेदाराला ठाण्यातलं सगळं ठाऊक असतं, हा ठाणेदाराचाच गैरसमज असतो.

अशात टपालाने एक निनावी अर्ज आला. ‘ग्रामीण रुग्णालयातील फार्मासिस्ट बाई दर मंगळवारी आमच्या गावी येते, वृद्धांना भुलवून त्यांच्या घरातील सरकारी गोळ्या काढून नेते व बाहेर विकते. तरी कडक कारवाई व्हावी.’ अक्षर मोत्यासारखं, डावीकडे पट्टीने आखलेला समास, आणि ‘काढून नेते’ या शब्दांखाली लाल शाईची रेघ. निनावी अर्ज बहुतेक जळफळाटातून येतात, हा माझा अनुभव. पण सरकारी औषधांचा मामला होता, केराच्या टोपलीत टाकता येईना. अर्जाला आवक नंबर दिला आणि चौकशी स्वतःकडे ठेवली.

मंगळवारी मी आणि माझे जुने हवालदार साध्या कपड्यांत हिंगणीच्या अलीकडच्या त्या गावात गेलो. मारुतीच्या देवळासमोरच्या चहाटपरीवर बसलो. देवळाच्या ओट्यावर सात-आठ म्हातारी माणसं जमली होती. एका आजींनी पदराची गाठ सोडून त्यातली गोळी शेजारणीला दिली.

“हे घे, गुडघ्याची. मले लय गुण आला. तुही झोपेची एक दे.”

शेजारणीने दिली. विरजण मागावं इतक्या सहज देवाणघेवाण चालली होती. मी बघतच राहिलो. हवालदार हळूच म्हणाले, “सायेब, आपल्या इकडे सारे असंच करतेत. माही माय बी.”

तेवढ्यात स्कूटीवर ती बाई आली. वय तिशीचं, खांद्याला निळी कापडी थैली. ओट्यावर मांडी घालून बसली. एका आजोबांनी घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून तिच्यासमोर उपडा केला. औषधांच्या पट्ट्यांचा ढीग पडला. बाईने एकेक पट्टी पाहिली, चार पट्ट्या आजोबांच्या हातात परत दिल्या आणि बाकी सगळ्या थैलीत टाकल्या. अर्जातला मजकूर डोळ्यांदेखत घडत होता. मी हवालदारांना खूण करायला हात वर केला, आणि नेमकी तेव्हाच ढास आली. ती काही केल्या थांबेना. सगळा ओटा वळून आमच्याकडे पाहू लागला. पाळत तिथेच संपली.

मग ओळख दिली, दोन पंच बोलावले, थैलीतल्या पट्ट्यांची यादी केली आणि थैलीला सील लावलं. एवढं होईपर्यंत बाई घाबरली नाही की चिडली नाही. ती माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती. पकडलेला माणूस पोलिसाकडे असं बघत नाही, हे मला खटकलं होतं.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही असा नियम, म्हणून दुसऱ्या दिवशी महिला शिपाई सोबत घेऊन मीच रुग्णालयात गेलो. औषधांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी.

“गोळ्या नेता कुठे?”

“इथंच, साहेब. मागे कुलूपबंद पेटी आहे. डॉक्टरांची सही झाली की नष्ट करायला पाठवतो. हे रजिस्टर.”

“फार्मासिस्टचं काम खिडकीतून गोळ्या द्यायचं. दिलेल्या परत आणायचं कोणी सांगितलं?”

“आधी तेवढंच होतं काम. चिठ्ठी आली, गोळी दिली, पुढचा कोण. आता मी डॉक्टरांसोबत वॉर्डात फिरते. पेशंट कोणकोणत्या गोळ्या एकत्र घेतो, कोणती कोणतीशी भांडते, ते बघणं माझं काम. त्या गावच्या एक आजी चक्कर येऊन तीनदा पडल्या. डॉक्टर म्हणाले, घरी जाऊन डबा बघ. डब्यात बीपीची एकच गोळी दोन नावांनी. एक आमची, एक खासगी दवाखान्यातली. दोन्ही रोज चालू, वरून शेजारणीची झोपेची. पडणार नाही तर काय होईल जी? तेव्हापासून थैली घेऊन फिरते.”

इथवर ती हसतमुखाने बोलत होती. मग तिचा आवाज उतरला. “साहेब, माझी नोकरी कंत्राटी आहे. मुदतवाढीचा कागद महिनाअखेरी निघतो. तुमच्या दप्तरात माझं नाव चढलं तर तो निघणार नाही. मी दुसरीकडं पोट भरीन, पण त्या डब्यात मग कोण पाहीन?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा खोकू लागलो. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि ढास थांबेपर्यंत वाट पाहिली.

“आता मी विचारू?”

“विचारा.”

“खोकला कधीपासून?”

“आठ महिने.”

“कोरडाच?”

“हो.”

“आणि बीपीची गोळी घेत असाल, तर ती कधी सुरू झाली?”

मी बोटांवर महिने मोजले. खोकल्याच्या जरा आधीच. महिला शिपायाने तोंडाला रुमाल लावला. बिनतोड प्रश्न पडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी उभ्या नोकरीत टेबलापलीकडे पाहिलं होतं. त्या दिवशी तो चेहरा माझा होता.

“एक गोळी आहे, तिनं काही जणांना असा खोकला लागतो,” ती म्हणाली. “काल ओट्यावरच मले वाटलं होतं. पण मनानं बंद करू नका हं. डॉक्टरांना पट्टी दाखवा, त्यांना वाटलं तर ते बदलून देतील.”

तिने माझं दुखणं ओळखलं म्हणून मी चौकशी सोडून दिली नाही. उलट अधिक कसून केली, कारण आता ती निर्दोष निघावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि पोलिसाला असं वाटू लागलं की त्याने दुप्पट सावध राहायचं असतं. पंचांसमोर पेटी उघडली. रजिस्टरशी एकेक पट्टी ताडून पाहिली. अर्धी कापलेली पट्टीसुद्धा जागेवर होती. डॉक्टरांचा जबाब तिच्या सांगण्याशी जुळला. सील काढून थैली तिला परत दिली.

मग अर्ज कोणाचा? हवालदारांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. “सायेब, अर्जाले समास सोडणारा मानूस त्या गावात एकच हाये.”

ते निवृत्त गुरुजी. आम्ही घरी गेलो तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. तीनदा पडलेल्या आजी त्याच. मी कागद पुढे धरला. “गुरुजी, हे अक्षर तुमचं?”

गुरुजींनी चष्मा पुसला. “अक्षर चांगलं आहे,” ते म्हणाले.

“त्याईचंच हाये जी!” आजी कडाडल्या. “त्या पोरीमुळं मी घरभर चालून राह्यली, आन् तुम्ही तिच्यावर कागद केला? काऊन?”

गुरुजी जमिनीकडे बघत म्हणाले, “ओट्यावर सगळे पट्ट्या माझ्याकडे आणायचे. इंग्रजी मलाच वाचता यायचं. कोणती कशाची, कोणी कोणाला द्यावी, मीच सांगायचो. ती आल्यापासून मला कोणी विचारत नाही.”

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. खोट्या अर्जाबद्दल त्यांच्यावर कारवाई होऊ शकते, हे स्पष्ट सुनावलं. पुढचं काम आजींनीच केलं. नवऱ्याला तडक रुग्णालयात नेऊन उभं केलं. गुरुजींनी हात जोडले. बाईचे डोळे भरून आले, पण बोलली ती भलतंच.

“गुरुजी, मंगळवारी मी एकटी पुरत नाई. प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून द्याल? मी सांगीन तेवढंच लिहायचं, आपल्या मनचं काही नाई.”

गुरुजींनी विचारलं, “समास सोडू?”

“सोडा ना!”

महिनाअखेरी तिचा मुदतवाढीचा कागद निघाला. पेढे घेऊन ती ठाण्यात आली तेव्हा मी बाहेरून येत होतो. डॉक्टरांनी गोळी बदलल्याला तीन आठवडे होत आले होते आणि खोकला पूर्ण गेला होता. मी आत पाऊल टाकलं तर चार शिपाई एका मोबाईलवर क्रिकेट बघण्यात गुंग. कोणाला चाहूल नाही. माझा आवाज ऐकून एकाची टोपी खाली पडली. हवालदार पेढा हातात धरून बाईंना म्हणाले, “मॅडम, तुमी सायेबाले बरं केलं, पण आमचं लय नुकसान झालं जी!” ती इतकी हसली की ठाण्याच्या आवारातली माणसं डोकावून पाहू लागली.

‘काय केलंस, कुठे होतास’ हे मी जन्मभर माणसांना विचारत आलो. ‘तुला काय होतंय आणि त्यावर तू काय घेतोस’ हे विचारायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. त्या खोलीत मला समजलं की तीही चौकशीच असते, तिलाही कसब लागतं, आणि तिच्यात शेवटी कोणाला बेड्या पडत नाहीत. गुरुजींनाही खरं तर कोणीतरी ‘काय होतंय’ एवढंच विचारायला हवं होतं.

त्या प्रकरणाच्या अहवालात मी लिहिलं, ‘अर्जातील मजकुरात तथ्य आढळून आले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ सही करताना मात्र मला हसू आवरलं नाही. ही बाई लोकांच्या घरातल्या गोळ्या काढून नेते, असं अर्जात म्हटलं होतं. त्यात पुरेपूर तथ्य होतं. आदल्याच दिवशी माझ्या घरातली एक पट्टी तिच्या निळ्या थैलीत गेली होती.