आवतन दिलेला बैल

रोहण्याचा रूपराव शेतीचं व्यवस्थापन शिकायला वर्ध्याकडच्या शेतकी शाळेत गेला, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की बापजाद्यांपासून आपण करतो ती शेती नसून नुसती खोड आहे. सुटीत आला की तो पारावर बसून गावाला शहाणं करी. जो जीव खातो त्यापेक्षा कमी काम करतो तो तोट्याचा, हे त्याचं लाडकं वाक्य. त्याचे काका बापूराव शेजारीच विडी ओढत बसलेले असत, पण ते स्वतःला लावून घेत नसत.

शिक्षण संपलं तरी दाखला हाती आला नव्हता. घरची शेती वर्षभर नव्या रीतीनं चालवायची, मग शाळेचे मास्तर येऊन पाहणार, आणि त्यांना पटलं तरच दाखला. दाखला मिळाला की विकास खात्यात नोकरी आणि सरकारी सायकल. रूपरावचा जीव त्या सायकलीत अडकला होता. आमचाही, कारण तिच्या मागे बसून आर्वीला जायचे आमचे बेत ठरून गेले होते.

वडील नव्हते, कारभार त्याच्याच हाती. शेणखताचा खड्डा त्यानं दोरी धरून खणला, गोठ्याला खिडकी पाडली. राहता राहिला पाखऱ्या. म्हातारा बैल, अर्ध्या तासात दम टाकणारा. पुढच्या भेटीत हे जनावर दिसायला नको, असं मास्तर बजावून गेले होते. रूपरावनं आर्वीच्या चिंधूशी सौदा ठरवला. चिंधूला तेलघाणीला स्वस्तातला बैल हवा होता. न्यायचा कधी, तर पोळ्याच्या आदल्या सांजेला, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पुरणपोळी वाचते. असा बारीक विचार शिकल्याशिवाय सुचत नाही.

त्या सांजेला आईनं, अन्नपूर्णाबाईनं, तूप-हळदीची वाटी त्याच्या हाती दिली. बैलांचे खांदे शेकायचा मान घरच्या कारभाऱ्याचा. रूपरावनं पहिल्या बैलाचा खांदा शेकला, मग हात आपसूक पाखऱ्याकडे गेला, आणि लहानपणापासून तोंडात बसलेलं तो बोलून गेला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

तेवढ्यात चिंधू दोर घेऊन दारात उभा. त्यानं पिवळा खांदा पाहिला.

"आवतन कोनं देल्लं?"

"मीच," रूपराव म्हणाला.

चिंधूनं दोर गुंडाळून काखेत मारला. बोलावलेला पाहुणा उपाशी ओढून न्यायचं पाप मी घेत नाही, पोळा झाला की येतो, असं सांगून तो गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर आले. खड्डा पाहून खूश झाले, खिडकी पाहून जास्तच. मग रंगवलेल्या शिंगांचा पाखऱ्या दिसला. रूपरावनं खरं ते सांगितलं. मास्तर माणूस वाईट नव्हता. जेवण झालंच आहे तर आज विकून टाक, दाखला पाठवतो, म्हणाले. चिंधूही येऊन अंगणात बसलाच होता. रूपरावनं गाठ सोडली, दावं हातात घेतलं आणि पुन्हा खुंट्याला बांधलं.

"माह्या घरी जेवला तो, सर. आता कोन्या तोंडानं हाकलू?"

दाखला आला नाही. सायकल दुसऱ्या कोणाला मिळाली. आम्ही आर्वीला पायीच जात राहिलो आणि वाटभर त्याची टिंगल करत राहिलो. पाखऱ्या फुकटचं खात आणखी काही पोळे जगला. तो गेला त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या सांजेला मी मुद्दाम गंमत बघायला गोठ्यात गेलो होतो. रूपरावनं दुसऱ्या बैलाचा खांदा शेकला, मग वाटी घेऊन रिकाम्या खुंट्याशी गेला आणि हळूच आवतन दिलं. मला हसू आलं नाही.