साहेबाचा शेवटचा सामना, एटापल्लीत

इंग्लंडचा एक वेगवान गोलंदाज निवृत्त होतोय ही बातमी वाचली आणि मी एटापल्लीला जायची पिशवी भरली. राजुऱ्यात शाळेत असताना प्रमिला आणि मी त्याला 'साहेब' म्हणायचो. पहिल्याच मोसमात त्याची पाठ दुखावली, बरेच दिवस तो घरी बसला, मग धावण्याची ढब बदलून परतला आणि केस पांढरे होईतो खेळला. त्याला टीव्हीवर पाहून प्रमिला गोलंदाजी शिकली. पुढे ती विद्यापीठाकडून खेळली, मी तिची यष्टिरक्षक. खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा खेळ सुटला. आता ती एटापल्लीत शिक्षिका आहे. साहेबाचा शेवटचा दिवस सोबत पाहायचा, असं फोनवर ठरलं.

चंद्रपूरहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा रस्ता. आष्टीला गरम समोसा खाऊन घ्या, कारण पुढे खनिजाच्या ट्रकांमागे गाडी रांगते. पावसाळ्यात आधी रस्ता सुरू आहे का, ते विचारा. आलापल्लीनंतर मात्र सागवान सुरू होतं आणि खिडकी सोडवत नाही.

प्रमिला स्टँडवरच उभी होती. "किती बारीक झाली व तू! जेवत नाई का?"

घरी भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. पोटभर जेवून टीव्हीपुढे बसलो. साहेब मैदानात उतरला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि आमची वीज गेली. मोबाइलचं नेटवर्कही गेलं.

खूप वेळ वाट पाहून प्रमिला उठली. "चाल, पोरी ग्राउंडवर खेळून राह्यल्या असतीन."

ती शाळेतल्या त्या मुलींना क्रिकेट शिकवते, पण स्वतः चेंडू टाकत नाही. आज तिनं तो हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "मागं उभी राह्यशीन का?"

"अन् खांदा?"

"दुखला तं दुखला."

पहिला चेंडू इतका बाहेर गेला की मी चिखलात लोळले. दुसऱ्याला ती अर्ध्यातच थांबली, खांदा धरून. "राहू द्या ना, मॅडम," फलंदाजी करणारी नववीतली उंच मुलगी म्हणाली.

"तू बॅट धर," प्रमिला म्हणाली.

तिनं धाव आखूड केली, हात थोडा खाली आणला. चेंडू बाहेरून आत वळला आणि बांबूची मधली यष्टी आडवी झाली. बाद झालेली मुलगीच आधी ओरडली. प्रमिला मैदानातच बसली. रडत होती की हसत, मला कळलं नाही. मी जाऊन शेजारी बसले.

चंद्रपूरला परतले तेव्हा तळहात चुरचुरत होते आणि मन मात्र तृप्त होतं. पेपर उघडला, मग प्रमिलाला फोन लावला. "साहेबाले शेवटच्या दिवशी एकही विकेट भेटली नाई."

ती म्हणाली, "मले भेटली ना!"