कागदाआडची हाक

बाळाला हात लावण्याआधी त्या दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करायच्या आणि म्हणायच्या, "आधी बघू, मग बोलू."

डीमन या डच गावातल्या बालतपासणी केंद्रातल्या त्या नर्सबाई. उंच, पन्नाशी उलटलेल्या, भर पावसातही सायकलवर येणाऱ्या. मुलांशी डचमध्ये बोलायच्या, आमच्याशी इंग्रजीत. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. चेहरा हसरा, पण नजर कामावर.

आमची सई दोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. घरी मराठी, पाळणाघरात डच, टीव्हीवर इंग्रजी. सगळे म्हणायचे, तीन भाषांत गोंधळली आहे पोर. पुण्याहून आलेल्या सासूबाई सांगायच्या, "अगं, तिचा बाबासुद्धा उशिराच बोलला." मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

तपासणीला मी हेच उत्तर घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "भाषा जास्त झाल्या म्हणून मूल गप्प राहत नाही. आधी बघू."

त्यांनी चेंडू, बाहुली आणि चमचा मांडला. मी विचारलं, "सई, चेंडू कुठाय?" तिने लगेच दाखवला. मी ऐटीत बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातात एक कोरा कागद दिला.

"आता हा तोंडासमोर धरा. आवाज तेवढाच. दुसरी वस्तू विचारा."

"सई, बाहुली कुठाय?"

ती कागदाकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिने हात पुढे करून कागद खाली ओढला आणि माझ्या ओठांकडे पाहिलं.

मला रडूच फुटलं. "पण जन्मल्यावर कान तपासले होते! सगळं ठीक होतं!"

"तेव्हा असेल. ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "पोरगी हुशार आहे. चेहरे वाचून तिने सगळ्यांना फसवलं. मागच्या खेपेला मलासुद्धा."

रुग्णालयात निदान झालं, दोन्ही कानांना यंत्रं लागली. काही आठवड्यांनी बाई घरी आल्या, तेव्हा आम्ही मंडळाच्या गणपतीला निघालो होतो. सईच्या डोक्यावर मी लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढली होती.

"थंडी आहे?"

"नाही... लोक विचारतात."

"विचारू देत. टोपी यंत्रावर घासते, तिला नुसती खरखर ऐकू येते."

मी टोपी काढली. त्या संध्याकाळी चार जणींनी विचारलं. चौघींनाही मी नीट सांगितलं. आरती सुरू झाली तशी सई दचकली, आणि मग झांजांच्या दिशेने वळून हसली.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि ग्रोनिंगनला लेकीजवळ राहायला गेल्या. त्याआधी केंद्रातल्या शेवटच्या भेटीत सई त्यांना कालव्यातल्या बदकांची लांबलचक गोष्ट सांगत होती, अर्धी डच, अर्धी मराठी. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. दारात पुढचं बाळ आलं, म्हणून मी सईला आवरू लागले.

बाईंनी हातानेच मला थांबवलं.

"सांगू दे तिला. दोन बदकं अजून काठावरच आहेत."