तांडेल आणि माझी छोटी फळी

तांडेलाचा माणसाच्या बोलण्यावर विश्वास नसे, होडीवर असे. थळला त्याच्या मुलाने पर्यटकांसाठी उभ्याने वल्हवायच्या फळ्या आणल्या होत्या आणि मासेमारी सोडलेला तांडेल त्या सांभाळायचा. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला आपल्या जुन्या होडीत चढवायचं, होडी किती दबते ते बघायचं आणि मगच फळी द्यायची. मी वजन अठ्ठ्याहत्तर सांगितलं. "मास्तर, तू अठ्ठ्याहत्तर बोलतंस, होरी ब्यान्नव बोलते," असं म्हणून त्याने मला सगळ्यात रुंद फळी दिली. तिच्यावर पंगत बसली असती.

वय सत्तेचाळीस, नोकरी अलिबागच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि हौस मात्र छोट्या फळीवरून लाटेवर गर्रकन वळायची, तीही चार लोकांनी बघावी अशी. तांडेल नको म्हणणार, म्हणून मी परस्पर मुंबईहून छोटी फळी मागवली. दुकानवाल्यांनी वजन विचारलं, तेव्हा मी लग्नाच्या वेळचं लिहिलं.

रविवारच्या गर्दीसमोर मी तिच्यावर उभा राहिलो. वल्हं मारत होतो तोवर सगळं ठीक होतं. लोक बघताहेत ना, हे पाहायला क्षणभर थांबलो आणि फळी मला घेऊन शांतपणे खाली गेली. मी कमरेपर्यंत पाण्यात, वल्हं हातात, चेहरा गंभीर.

"बारकी फली थांबल्याला उचलीत न्हाय," तांडेल म्हणाला. "आन् लोकांना काय बगतंस? लाटंला बग." त्याने फळी जप्त करून घरात ठेवली. मी मुकाट्याने रुंद फळीवर परतलो. पुढची दोन वर्षं तो मला वीत-वीत आखूड फळी देत गेला. शाबास त्याने कधीच म्हटलं नाही. मी आपटलो की म्हणायचा, "परलास ता बरा झाला." त्या हिशेबाने माझं फारच बरं चाललं होतं. पण मला त्याची शाबासकी हवी होती, अगदी पहिलीतल्या पोरासारखी.

मग त्याचे गुडघे गेले आणि तो दिघीला लेकीकडे राहायला निघाला. जाताना माझी फळी परत देऊन म्हणाला, "आता तुजी तू बग."

एका मंगळवारी शाळेआधी, किनारा रिकामा असताना, मला ती लाट मिळाली. लाट गुडघाभरच होती, पण मी छोट्या फळीवरून वळलो आणि वाळूपर्यंत उभा राहिलो. शनिवारी तडक दिघी गाठली. तांडेल खाटेवर पडून होता. मी लाटेची उंची थोडी वाढवून सगळं सांगितलं.

"कोनी बगला?"

"कोणीच नाही हो, तांडेल."

"मंग खरा हाय," तो म्हणाला. "शिकलास."

महिन्याभरात तो गेला. मी अजून सकाळी पाण्यात उतरतो. किनाऱ्यावर मला बघणारं कोणी नसतं, आणि खरं सांगतो, ते मला मुळीच आवडत नाही.